ठिपक्यांचा कागद
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



बँकेत जन्मभर आकडे जुळवले; सुई हातात घेतली ती ही गेल्यावर. कपाटात तिचा रांगोळीचा कागद सापडला. उदबत्तीने भोकं पाडलेला, मधल्या ओळीत १५ ठिपके, वर-खाली एकेक कमी होत ८. दर दिवाळीला जिन्यापाशी ती तोच अंथरायची, आठवत असेल.

जमिनीवर तो मांडायची माझी हिंमत होईना. मग तिच्या जुन्या गडद साड्यांची गोधडी करायला घेतली. वर कागद ठेवून रांगोळी चोळली. ठिपके लगेच शिंप्याच्या खडूने पक्के करा हं, पंखा लावलात तर गेले! मग ठिपक्याला ठिपका धरून धावदोरा, सगळ्या थरांतून आरपार. टाके लहान ठेवा. पिशवीला किंवा अभ्र्याला मधले ७ ते ४ पुरतात.

एक ठिपका तिने वाकडा पाडलाय. रुपयाचा फरक आला तरी मी रात्री उशिरापर्यंत बँकेत बसायचो. हा मात्र गोधडीत तसाच घेतला.

कागदाच्या नकला सोसायटीच्या ऑफिसात ठेवल्यात. मुलांनो, न्या, आणि यंदा जिन्यापाशी कुणीतरी काढा. मूळ कागद तेवढा मागू नका.