जिल्हा परिषदेकडे आलेली सत्ता

सेलूसह परभणी जिल्हा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे निवडून आलेल्या ग्रामीण संस्थांची परंपरा येथे क्षीण होती. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून 1961 चा कायदा झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या, म्हणजे तालुका पातळीवरील निर्वाचित संस्था, अस्तित्वात आल्या. बलवंतराय मेहता समितीने 1957 मध्ये मुख्य भार पंचायत समितीवर टाकला होता, महाराष्ट्राने मात्र तो जिल्हा परिषदेवर ठेवला आणि जिल्हाधिकाऱ्यांना तिच्याबाहेर ठेवून मुख्य कार्यकारी अधिकारी हे वेगळे पद निर्माण केले, हीच या रचनेची खरी धिटाई होय. त्याच काळात, 1961 मध्ये, स्वतंत्र झालेल्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागात, उलट घडले: तेथे 1972 मध्ये विकेंद्रीकरणाच्याच नावाखाली (हा विरोधाभास लक्षणीय आहे) निर्वाचित जिल्हा मंडळे बरखास्त होऊन कारभार केंद्राने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे गेला आणि 1980 च्या दशकात ती मंडळे पुन्हा स्थापावी लागली. महाराष्ट्रात संस्था टिकल्या, तरी निधीसाठी त्या बव्हंशी राज्य शासनाच्या अनुदानावरच अवलंबून राहिल्या.