पृष्ठभागाचे रसायन आणि निर्जंतुक पाणी



पिण्याच्या पाण्याचा प्रश्न चेन्नईस नवा नाही. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे चारही प्रमुख जलाशय जवळजवळ कोरडे पडले आणि टँकरपुढे रांगा लागल्या. अशा वेळी मिळेल ते पाणी निर्जंतुक कसे करावे, ही प्रत्येक घराची चिंता होते. याच शहरातील आयआयटी मद्रासमध्ये प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ मध्ये, या प्रश्नास उपयोगी पडेल असे एक संशोधन प्रसिद्ध केले होते.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड हा काळसर, गुळगुळीत पदार्थ वंगण म्हणून परिचित आहे. त्याचा एकच थर वेगळा केला, की एक नॅनोमीटरहूनही कमी जाडीचा द्विमितीय अर्धवाहक हाती येतो. तो दृश्य प्रकाश शोषतो. टायटॅनियम डायऑक्साइडसारख्या प्रचलित प्रकाश-उत्प्रेरकास मात्र अतिनील किरण लागतात आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम पाच टक्के असतो. अडचण एवढीच, की या थराच्या दोन्ही बाजूंस गंधकाचे अणू असल्याने त्याचा सपाट पृष्ठभाग जवळजवळ निष्क्रिय राहतो. क्रियाशील असतात त्या कडा.

म्हणून संशोधकांनी कडाच वाढविल्या. पाण्यात विखुरलेल्या या थरांवर विद्युतदाबाच्या साहाय्याने चांदीच्या आयनांचा फवारा सोडण्यात आला. चांदीने गंधकाशी संयोग पावून सिल्व्हर सल्फाइडचे कण बनविले. ते कण पाण्यात निघून गेले आणि थरात तीन ते पाच नॅनोमीटर व्यासाची छिद्रे उरली. छिद्रांच्या कडांवर मॉलिब्डेनमचे प्राबल्य राहिले. दृश्य प्रकाशात या कडांपाशी हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे तयार होतात आणि जंतूंचा नाश करतात. साध्या थरांच्या तुलनेत छिद्रयुक्त थरांची निर्जंतुकीकरणाची क्षमता एक लाख पट आढळली. जीवाणूंच्या अनेक जाती आणि एक विषाणू यांवर चाचण्या झाल्या. एक प्राथमिक नमुनायंत्रही बनविण्यात आले.

परंतु प्रयोगशाळेतील यश म्हणजे घरातील शुद्ध पाणी नव्हे. असा पदार्थ वापरात आणावयाचा, तर पाण्यात त्याचे किंवा चांदीचे अंश उरत नाहीत ना, गढूळ पाण्यात तो किती दिवस टिकतो आणि सामान्य कुटुंबास त्याचा खर्च पेलतो का, या कसोट्यांवर तो उतरला पाहिजे. उन्हाची भारतात वाण नाही. त्या उन्हास वीज नसलेल्या घरातही पाणी निर्जंतुक करण्याच्या कामी लावता आले, तरच पृष्ठभागाच्या या रसायनाचे सार्थक होईल.