राहिलेला पेपर
(मंडळाच्या शिक्षणनिधी कार्यक्रमात युवा गटाने केलेले भाषण)



आमचं मराठी मंडळाच्या रविवारच्या शाळेत शिकलेलं आहे, तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्या. आम्ही सहाजण २०२० साली इथे इंग्लंडमध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षात, म्हणजे ए-लेव्हलला होतो. त्या वर्षाबद्दल दोन शब्द सांगायचे आहेत.

बुधवार, १८ मार्च २०२०. टीव्हीवर जाहीर झालं, की शुक्रवारी शाळा सुटल्या की बंद, आणि उन्हाळ्यातल्या परीक्षा होणार नाहीत. खरं सांगायचं तर पहिली पाच मिनिटं आम्ही चक्क नाचलो! मग हळूहळू लक्षात आलं, की दोन वर्षं ज्याची तयारी केली ते आता येणारच नाही. शुक्रवारी घाईघाईने एकमेकांच्या शर्टांवर सह्या केल्या, लॉकरमधली पुस्तकं पिशवीत कोंबली आणि घरी आलो. शाळा संपली होती.

२३ मार्चला लॉकडाऊन लागला आणि २५ तारखेला पाडवा होता. मंडळाचा कार्यक्रम अर्थातच रद्द झाला. कोणी खिडकीत गुढी उभारली, कोणी बाल्कनीत, आणि सगळ्यांनी व्हिडिओवर एकमेकांना श्रीखंड दाखवलं. दर गुरुवारी रात्री आठ वाजता दारात उभं राहून आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवायच्या. आमच्यापैकी दोघांच्या आया हॉस्पिटलमध्ये कामाला होत्या. त्या घरी आल्या की आधी कपडे बदलायच्या, आंघोळ करायच्या आणि मगच बोलायच्या. तेव्हा आपल्या परीक्षेचं रडगाणं गायची आम्हाला लाज वाटे.

१३ ऑगस्टला निकाल लागला. शिक्षकांनी आमच्या कामावरून ग्रेड सुचवल्या होत्या, पण त्या तशाच धरल्या नाहीत. आमच्या शाळेतल्या आधीच्या मुलांना काय मिळालं होतं, त्यावरून गणिती सूत्राने आमच्या ग्रेड ठरल्या! इंग्लंडमध्ये शिक्षकांनी सुचवलेल्या ग्रेडपैकी सुमारे ३९ टक्के खाली आणल्या गेल्या. ज्या विषयाला शाळेत अगदी मोजकी मुलं होती, तिथे शिक्षकांचा शब्द चालला, त्यामुळे लहान वर्गांच्या खाजगी शाळांचा फायदा झाला. आमच्यातल्या एकीची मेडिकलची जागा त्या सकाळी गेली. तिचे बाबा दिवसभर फोन लावत होते. मुलं रस्त्यावर उतरली, वर्तमानपत्रं भरून गेली, आणि १७ ऑगस्टला सरकारने माघार घेऊन शिक्षकांच्या ग्रेड मान्य केल्या. तिला प्रवेश मिळाला, पण एक वर्ष उशिरा.

ही गोष्ट सांगितली ती एवढ्यासाठी, की आमच्या बाजूने बोलणारं कोणीतरी होतं. फोन लावणारे आईबाबा होते, घरात ब्रॉडबँड होता, प्रत्येकाला वेगळी खोली नसली तरी दार लावता येत होतं.

आता तिकडची गोष्ट. आमच्यातल्या एकाची मामेबहीण त्याच वर्षी साताऱ्याच्या माण तालुक्यात दहावीला होती. तिच्या शाळेत निरोप समारंभ झाला होता, हॉलतिकीट मिळालं होतं, एकच पेपर राहिला होता : भूगोलाचा, २३ मार्चला. तो आधी पुढे ढकलला आणि एप्रिलमध्ये रद्दच झाला. बाकीच्या विषयांच्या सरासरीने भूगोलाचे गुण दिले. ती अजून हसत म्हणते, "माझा भूगोल सरासरीचा आहे!"

दहावी अशी सुटली, खरी परीक्षा पुढेच होती. अकरावी ऑनलाइन सुरू झाली. घरात फोन एक, तो सकाळी मामाबरोबर शेतात जाई. रेंज यायची ती देवळामागच्या टेकाडावर. तिच्या वर्गातल्या दोन मुली त्या वर्षात लग्न होऊन गेल्या, काही मुलं ऊसतोडीला गेली. शाळा सोडतो असं कोणी मोठ्याने म्हटलं नाही. फक्त पुन्हा आली नाहीत.

ती टिकली, ते एका सरांमुळे. गावातली पिठाची गिरणी चालू होती. सर तिथे कागदावर गणितं लिहून ठेवायचे. दळण आणायला येणाऱ्या मुलांनी ते कागद घ्यायचे आणि शनिवारी सोडवलेली वही तिथेच ठेवायची. वह्यांवर पीठ सांडलेलं असे. सोमवारी त्याच वह्या लाल शाईने तपासून परत. आम्ही तिला विचारलं, की त्यात एवढं काय होतं? ती म्हणाली, "माझ्या वहीची कोणीतरी वाट बघतंय, एवढं पुरे होतं." २०२२ साली ती बारावीच्या परीक्षेला खऱ्या वर्गात, खऱ्या बाकावर बसली आणि पास झाली.

मंडळी, लॉकडाऊन आता जुना झाला असं आपल्याला वाटतं. पण तेव्हा तिसरी-चौथीत असलेली मुलं आता दहावीच्या आसपास आहेत. महाराष्ट्रात पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरायला डिसेंबर २०२१ उजाडला. वाचायला, भागाकार करायला शिकायचं वय त्यांनी घरी काढलं. ती गाळलेली पायरी दहावीच्या पुस्तकासमोर बसल्यावर समजते, आणि मग मुलं गप्प बसतात.

त्याच गावात ही बहीण आणि ते सर मिळून संध्याकाळची अभ्यासिका चालवतात. समाजमंदिराची एक खोली, दोन सतरंज्या, एक फळा. आजचा निधी त्यासाठी आहे : टेबलं, वीज गेली तर चालणारे दिवे, पुस्तकं, परीक्षेची फी, आणि आणखी एका शिक्षकाचं मानधन. हिशेब दर सहा महिन्यांनी मंडळाच्या सूचनाफलकावर लागेल, पै-पैचा. ज्यांना पैसे देणं जमत नसेल त्यांनी आठवड्यातून एक तास द्यावा. आम्ही सहाजण रविवारी सकाळी फोनवरून इंग्रजी आणि गणित शिकवतो, आणखी माणसं हवी आहेत.

आमची शेवटची परीक्षा झालीच नाही, त्याचं आता वाईट वाटत नाही. पण कोणीतरी आपल्या वहीची वाट बघतंय, हे त्या मुलांना कळायला हवं. तेवढा एक पेपर आपल्या सगळ्यांचा राहिला आहे. तो मिळून सोडवू या.