न्हाणीघरातील विषारी वायू आणि घरमालकाची जबाबदारी

(भाडेकरूंच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



भाडेकरूंच्या मेळाव्यात अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने भाडे, पागडी आणि पुनर्विकास यांविषयी बोलावे, अशी अपेक्षा असणे साहजिक आहे. मी मात्र आज एका वायूविषयी बोलणार आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. आणि बंद खोलीत तो साचला तर झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. कार्बन मोनॉक्साइड हे त्याचे नाव. हा विषय शास्त्रज्ञांचा नव्हे काय, असे कोणी विचारील. वायू शास्त्रज्ञांचा खरा. परंतु खोली कोणाची, तिचा झरोका कोणी बुजवला आणि तिचे भाडे कोण घेतो, हे प्रश्न आपले आहेत.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी नोकरीनिमित्त शहरात राहते. तिघी मुलींनी मिळून खोली घेतलेली. न्हाणीघर चार बाय पाच फुटांचे, भिंतीवर गॅसचा गिझर, आणि पावसाचे पाणी आत येते म्हणून मालकाने झरोक्यावर पत्रा ठोकलेला. हिवाळ्यातील एका सकाळी ही मुलगी बराच वेळ बाहेर आली नाही, हाकेला उत्तर देईना. मैत्रिणींनी कडी तोडली तेव्हा ती जमिनीवर पडलेली होती. दवाखान्यात प्रथम रक्तदाब उतरला असेल असे वाटले. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरने तर आकडा उत्तम दाखवला. एका तरुण डॉक्टरांनी ‘गिझर गॅसचा आहे का?’ एवढा एकच प्रश्न विचारला, लगोलग प्राणवायू सुरू केला आणि रक्त तपासणीस पाठवले. मुलगी वाचली. पुढे तिच्या वडिलांनी मालकाला जाब विचारला तेव्हा उत्तर मिळाले, ‘दार थोडे उघडे ठेवून आंघोळ करायची.’ परक्या गावात राहणाऱ्या तीन मुलींना दिलेला हा सल्ला आहे. झरोक्यावरचा पत्रा काढायला किती खर्च आला असता, याचा हिशेब मी करीत बसलो नाही.

ऑक्सिमीटरने आकडा चांगला का दाखवला, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण २०२० च्या साथीनंतर हे उपकरण पुष्कळ घरांत येऊन पडले आहे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूला वाहून नेते. कार्बन मोनॉक्साइडची ओढ त्याला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आहे. साहजिकच तो वायू हवेत थोडा असला तरी हिमोग्लोबिनवरील जागा अडवून बसतो आणि प्राणवायूला जागा उरत नाही. बोटाला लावायच्या साध्या उपकरणाला या दोन प्रवाशांमधील फरक ओळखता येत नाही. गाडी भरलेली आहे, एवढेच ते सांगते. साध्या हवेत श्वास घेत राहिल्यास रक्तातील हे विष निम्मे होण्यास चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तास. म्हणूनच वेळेवर विचारलेल्या त्या प्रश्नाचे मोल मोठे.

दुसरा गैरसमज वासाचा. सिलिंडरमधील गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, त्यामुळे ‘गॅस सुटला तर कळेलच’ अशी आपली समजूत झाली आहे. परंतु येथे गॅस सुटलेला नसतो, तो जळत असतो. कोंडलेल्या जागेत गिझर चालू लागला की तेथील प्राणवायू कमी होत जातो, ज्वलन अपुरे होऊ लागते आणि अपुऱ्या ज्वलनातून हे विष निर्माण होते. निळी ज्योत पिवळी पडणे ही त्याची एक खूण, पण अंगाला साबण लावलेला माणूस ज्योतीकडे कोठे पाहतो? डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे, ग्लानी येणे ही लक्षणे पित्ताची किंवा तापाची वाटतात. घरातील सर्वांनाच एकदम असे होऊ लागले आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटले, तर पित्ताला दोष देऊ नये.

आपल्या आजीच्या काळी तांब्याचा बंब होता. त्यात कोळसा, लाकूड, सोडणे काय वाटेल ते जळे, आणि त्यातूनही हेच विष बाहेर पडे. परंतु बंब बहुधा परसात किंवा पडवीत असे. पाणी घंगाळात काढून आत नेले जाई. वाडा गेला, परसू गेले. पाणी तापवणारा अग्नी मात्र न्हाणीघराच्या आत आला. जागेची टंचाई ज्या शहरात आहे तेथेच हे घडले, हा योगायोग नव्हे. तथापि जुन्याचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. बाळंतिणीच्या खोलीची दारे-खिडक्या लावून बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवण्याची पद्धत आपलीच. कडाक्याच्या थंडीत बांधकामावरचे मजूर पत्र्याच्या खोलीत घमेल्यात कोळसे पेटवून झोपतात, तेही ऊब विकत घेण्याची ऐपत नाही म्हणूनच. धूर दिसत नाही म्हणून निखारा निर्धोक वाटतो. वस्तुतः धगधगता निखारा हाच या वायूचा मोठा कारखाना आहे.

या विषाचा शोध कामगारांच्या प्रेतांवरूनच लागला, असे म्हटले तरी चालेल. वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत १८९६ साली स्फोट झाला. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने तेथे जाऊन तपासणी केली, तेव्हा बहुतेक खाणकामगार स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, तर स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साइडने मेल्याचे दिसून आले. (१९५७ साली भारतात येऊन १९६४ साली भुवनेश्वरला निधन पावलेले जे. बी. एस. हॉल्डेन हे त्यांचे चिरंजीव.) लहान प्राण्यांचा श्वासोच्छ्वास जलद असल्याने त्यांच्यावर विषाचा परिणाम माणसाच्या आधी होतो, हे हेरून खाणीत पक्षी नेण्याची सूचना हॉल्डेन यांनी केली. ब्रिटिश खाणींतील पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी तो हाच. त्याची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणाने घ्यावी असे १९८६ साली ठरले. यातील मुद्दा माझ्या दृष्टीने असा की, खाणकामगाराने आपला पक्षी घरून आणावा, असे कोणी त्याला सांगितले नव्हते. तो ठेवणे हे खाणीचे काम होते. ज्या लेखकाने खाणकामगारांच्या संपावर ‘जर्मिनाल’ ही कादंबरी लिहिली, तो एमिल झोला १९०२ साली पॅरिसमधील आपल्याच शयनगृहात, धुराडे तुंबल्यामुळे, याच वायूने मेला. त्याच्या उशाशी पिंजरा नव्हता.

आज त्या पिंजऱ्याचे काम तळहाताएवढे यंत्र करते. इंग्लंडमध्ये २०१५ च्या नियमांनी खासगी घरमालकावर, भाड्याच्या घरात जेथे कोळसा वा लाकूड जाळले जाते त्या खोलीत, हे धोक्याची सूचना देणारे यंत्र बसवण्याची सक्ती झाली. गॅसची उपकरणे तेव्हा वगळली गेली होती. १ ऑक्टोबर २०२२ पासून स्वयंपाकाची शेगडी सोडून बाकी सर्व कायम बसवलेल्या ज्वलन-उपकरणांना नियम लागू झाला, सार्वजनिक संस्थांची भाड्याची घरेही त्यात आली, आणि बिघडल्याचे कळवल्यावर यंत्र दुरुस्त करणे वा बदलणे हेही मालकाचेच काम ठरले. कसूर झाल्यास पाच हजार पौंडांपर्यंत दंड आहे. इंग्लंडचा घरमालक आपल्यापेक्षा सज्जन आहे असे मला म्हणावयाचे नाही. त्याला पर्याय ठेवलेला नाही, इतकेच.

आपल्यातीलच एक ज्येष्ठ कार्यकर्ते मला म्हणाले, ‘प्राध्यापक, ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याला तुम्ही भोंगा देऊ पाहता.’ टीका मार्मिक आहे, आणि निम्मी खरीही आहे. हे यंत्र हवेचा मार्ग मोकळा करीत नाही. युरोपीय मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे पन्नास भाग असतील तर ते तास ते दीड तासाने वाजते, शंभर असतील तर दहा ते चाळीस मिनिटांत, तीनशे असतील तर तीन मिनिटांच्या आत. शिवाय न्हाणीघरातील वाफ त्याला मानवत नाही, म्हणून ते बाहेर लावावे लागते; आणि आतले विष बाहेर येईपर्यंत आतल्या माणसाचे काय होईल, हे सांगावयास नको. तेव्हा पहिली मागणी गिझर न्हाणीघराबाहेर, उघड्या गॅलरीत वा सज्जात नेण्याची आणि बुजवलेले झरोके उघडण्याची. ते होईपर्यंत बादली भरून, गिझर बंद करून मगच आत जाऊन दार लावावे. यंत्राची जागा निजायच्या खोलीत, जेथे माणूस जागा नसतो. घेताना ते कार्बन मोनॉक्साइडचेच आहे ना, हे पाहून घ्यावे. गॅसगळतीचे यंत्र निराळे, ते या वायूला ओळखत नाही. त्यावरील कळ महिन्यातून एकदा दाबून पाहावी. आतील संवेदक साधारण पाच ते दहा वर्षांत निकामी होतो, ती तारीख यंत्रावरच असते. वाजले तर कारण शोधत बसू नये. सर्वांनी बाहेर पडावे.

परंतु उरलेल्या निम्म्या टीकेला माझे उत्तर असे की, छप्पर मिळेपर्यंत माणसाने श्वास रोखून धरावा असे आपण म्हणू शकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या चौदाव्या कलमाने घर सुस्थितीत ठेवण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. अडचण अशी की, आज शहरात राहणारे पुष्कळजण कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नाहीत. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराने ते परवानाधारक झाले आहेत. त्यांच्या करारात भिंतीला खिळा न ठोकण्याचे कलम असते, झरोक्याचे नसते. म्हणून कराराचा एक नमुना आपण येथे वाटणार आहोत. गिझर बाहेर किंवा विजेचा, झरोका उघडा, निजायच्या खोलीत यंत्र आणि त्याची तारीख करारात नोंदलेली, हे सर्व मालकाच्या खर्चाने, असे त्याचे एक कलम आहे. यंत्राची किंमत शहरातील एका खोलीच्या महिन्याच्या भाड्याहून कमी पडते. एकेकट्याने हे कलम पुढे केले तर मालक दुसरा माणूस पाहील, हे मला ठाऊक आहे. पण एका इमारतीतील सर्वांच्या सह्या असल्या तर तो कोणाकोणाला बदलणार?

त्या तीन मुलींनी गिझर काढून टाकायला लावला आहे. पत्रा अजून तेथेच आहे. पुढील रविवारी आपल्यापैकी चार-पाच जणांनी शिडी आणि पक्कड घेऊन माझ्याबरोबर यावे. मालकाला तसे लेखी कळवले आहे.