नेच्याला पाणी किती?

घरातल्या नेच्याची, म्हणजे रोपवाटिकेत आपण फर्न म्हणून मागतो त्या झाडाची, पानं कडांनी तपकिरी पडू लागली की त्याला तहान लागली असं समजून आपण कुंडीत आणखी पाणी ओततो. माझं म्हणणं असं, की पुष्कळदा पानं करपतात ती कोरड्या हवेनं, आणि झाड मरतं ते या जादा पाण्यानं मुळं कुजून. याला जुना पुरावा आहे. १८२९ साली लंडनच्या नॅथॅनिएल वॉर्ड या डॉक्टरांनी पतंगाचा एक कोश बाटलीतल्या ओलसर मातीत ठेवून तिला झाकण लावलं. काही दिवसांनी त्या मातीतून नेचा उगवला. धुरानं भरलेल्या त्या वस्तीत त्यांचे उघड्यावर लावलेले नेचे जगत नव्हते. हा मात्र जवळजवळ चार वर्षं, वरून पाणी न घालता, दरसाल नवी पानं काढत राहिला. मातीतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीतच उतरत होती. पुढे झाकण गंजलं, पावसाचं पाणी आत शिरलं आणि झाड मेलं. मला या प्रयोगाचा हा शेवटच जास्त महत्त्वाचा वाटतो.

यावर कुणी म्हणेल, सह्याद्रीत तर नेचे धो धो पावसात वाढतात. खरं आहे, पण ते कुठे वाढतात ते पाहावं: उतारावर, कातळाच्या भेगेत, झाडांच्या बुंध्यांवर. तिथे पाणी येतं आणि निघून जातं, हवा तेवढी दमट राहते. जुन्या विहिरींच्या दगडी भिंतींवर हंसराज नावाचा नेचा दिसतो, तोही याच कारणानं. म्हणून कुंडीतली माती भुसभुशीत हवी, तिच्यात कुजलेला पालापाचोळा हवा आणि तळाला मोकळं भोक. वरची माती बोटाला जेमतेम ओलसर लागली की पाणी द्यावं. ती पूर्ण सुकू देणंही वाईटच.

मग पानांवर फवारा मारला तर? तो थोड्या वेळात उडून जातो आणि हवा होती तशी कोरडी होते. त्यापेक्षा चार कुंड्या जवळजवळ ठेवणं बरं. सावली हवी म्हणून कपाटामागच्या अंधारात नेचा ठेवणं मात्र चुकीचं. त्याला थेट ऊन नको, उजेड भरपूर हवा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नाजूक हंसराज उघड्या कुंडीत टिकवण्याचा हट्ट धरू नये. तो काचेच्या बरणीत, उन्हापासून दूर ठेवावा, नाहीतर त्यामानानं काटक असलेला बॉस्टन फर्न निवडावा. आणि एप्रिलमध्ये सगळी पानं वाळली तरी कुंडी लगेच फेकू नये. वाळलेली पानं कापून माती बेताची ओलसर ठेवावी. मातीतला कंद जिवंत असला तर पावसाळी हवेत त्याला नवी पानं फुटू शकतात.