जुना एसी उतरवताना जबाबदारी कोणाची?



मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर खारा वारा एसीच्या बाहेरच्या भागाला सतत लागतो, आणि त्यामुळे त्याच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या व नळ्यांचे सांधे गंजून कमकुवत होतात.

भिंतीच्या डागडुजीसाठी ठेकेदाराने असा जुना एसी उतरवला, पुन्हा बसवला, आणि तो थंडावा देईनासा झाला, तर जबाबदारी कोणाची?

भारतीय करार कायदा, 1872 असे सांगतो, की कामासाठी दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने, सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तिची घेतली पाहिजे.

एवढी काळजी घेऊनही जुनी झीज उघडी पडली, तर ठेकेदाराला सहसा दोष देता येत नाही.

मात्र नळ्यांतला शीतक वायू, म्हणजे थंडावा निर्माण करणारा वायू, बाहेरच्या यंत्रात ओढून न घेताच नळी उघडली, किंवा जोडणीनंतर व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढली नाही, तर तो निष्काळजीपणा ठरू शकतो.

म्हणून आधी तपासणी, मग लेखी नोंद, आणि त्यानंतरच काम.

एसी मालक आणि ठेकेदार या दोघांसमक्ष चालवून पाहावा, गंजाची छायाचित्रे घ्यावीत, आणि वायू पुन्हा भरावा लागल्यास खर्च कोणाचा, हे लिहून दोघांनी सह्या कराव्यात.

तरीही वाद उरला, तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीची तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे एक-नऊ-एक-पाच.

श्रोतेहो, पुन्हा एकदा: आधी तपासणी, मग लेखी नोंद, आणि त्यानंतरच काम.