जॅग्वार? नाही काका, बिबट्या!

परवा आमच्या फॅमिली ग्रुपवर एक व्हिडिओ पडला. रात्रीची वेळ, उसाच्या कडेला घराची भिंत, आणि भिंतीवर ठिपकेवालं जनावर. खाली लिहिलेलं, 'पुण्याजवळ जॅग्वार! काळजी घ्या.' त्यावर काकांचा रिप्लाय, 'कुठलं मॉडेल?'

काकांचंही बरोबर आहे म्हणा. टाटा मोटर्सने 2008 साली ती कंपनी घेतल्यापासून पुण्यात जॅग्वार म्हणजे आधी गाडीच. (बाथरूमच्या नळांचं 'जॅक्वार' वेगळं हं! ते नाव संस्थापकांच्या आजीवरून, जयकौर यांच्यावरून आलंय.)

खरा जॅग्वार भारताच्या जंगलात नाहीच. त्याचं घर मेक्सिकोपासून खाली उत्तर अर्जेंटिनापर्यंत. दिसतो बिबट्यासारखा, पण अंगानं जाडजूड, डोकं मोठं, शेपूट आखूड. फोटो झूम करून बघा. जॅग्वारच्या अंगावरच्या काळ्या कड्यांच्या आत बारीक ठिपके असतात, बिबट्याच्या कड्या आतून सहसा रिकाम्या. आणि जबडा असा, की भक्ष्याची कवटीच फोडतो. पाण्यात उतरून केमन मारतो, म्हणजे मगरीची भावकी.

नावाची गोष्ट तर भारीच आहे. हा शब्द दक्षिण अमेरिकेतल्या तुपी-ग्वारानी भाषांमधला, 'यागुआरा'च्या जवळपासचा. पोर्तुगीजमधून तो युरोपात गेला. पण आज ग्वारानीत 'जाग्वा' म्हणजे काय माहितीये? कुत्रा! युरोपीय लोकांबरोबर आलेल्या कुत्र्यांना ते नाव चिकटलं, आणि मूळ मालकाला म्हणायला लागले 'जाग्वारेते', म्हणजे खरा जाग्वा. 'आमची कुठेही शाखा नाही' अशी पाटीच लावली की बिचाऱ्याला! स्पॅनिश लोकांनी तर त्याला सरळ 'तिग्रे' म्हटलं, म्हणजे वाघ.

यात आपल्याला हसायचा हक्क नाही. जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याला वाघच म्हणतात, नाहीतर वाघरू. वाघोबा देवातही पट्टेवाला आणि ठिपकेवाला दोघंही येतात. ही चूक आहे असं मला वाटत नाही. जनावर कोणतं ते त्या लोकांना पक्कं माहीत असतं. घोळ आपल्या ग्रुपवर होतो. 'जॅग्वार' म्हटलं की ते जनावर परकं होतं, कुठून तरी वाट चुकून आलेलं.

मी लिहिलं, 'काका, हा बिबट्या आहे.' लगेच उत्तर, 'मग पकडून जंगलात सोडा ना!'

हे करून झालंय. 2001 ते 2003 च्या काळात जुन्नर भागात पकडलेले बिबटे दुसरीकडच्या जंगलांत सोडले. जिथे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले, असं विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव ठेवलं आजोबा. आजोबा चालत चालत थेट बोरिवलीच्या नॅशनल पार्कात! शंभर किलोमीटरपेक्षा जास्त अंतर, वाटेत रेल्वेलाइन, हायवे, वस्त्या. सोडलेल्या जागी बिबट्या थांबेलच असं नाही.

जुन्नरचा बिबट्या वाट चुकलेला नाही. कुकडी-घोडवर धरणं झाली, ऊस वाढला, आणि मादी उसातच पिल्लं घालायला लागली. त्या पिल्लांसाठी ऊसच जंगल. तोडणी सुरू झाली की पिल्लं सापडतात, आई आसपास फिरत असते. तिकडे माणसं गेलीत हो, लहान मुलंसुद्धा. त्यामुळे 'आम्ही मधे आलोय त्यांच्या' असं पुण्यात बसून म्हणणं मला तरी जमत नाही. संध्याकाळी परसाकडे जाणाऱ्या पोराबरोबर कुणीतरी मोठं माणूस लागतं, हातात बॅटरी लागते, गोठ्याला पक्कं दार लागतं.

आणि बिबट्या दिसला तर व्हिडिओ नंतर. वनखात्याचा नंबर 1926, आत्ताच सेव्ह करा. काकांनी केलाय. 'जॅग्वार' नावानं.